'डॉलरची मंडळी': त्या मेसेजला एका खजिनदाराचं उत्तर

महिन्याभरात तोच मेसेज मला चार जणांनी पाठवला. त्यातला एक माझा शाळासोबती, एक नात्यातला. 'खानदेशात नवी चर्चं कशी उगवतात' असा मथळा आणि खाली पाच गोष्टी: बाहेरून डॉलर येतात, त्यातून जमीन आणि इमारत होते, तांदूळ-साड्या वाटून माणसं गोळा करतात, सहा महिन्यांत गाव बाटतं, आणि बाटलेला आदिवासी मग आदिवासी राहत नाही. पाठवणाऱ्याने खाली लिहिलं होतं, 'भाऊ, खरं आहे का?' विचारलंय, तर उत्तर देतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूर तालुक्यात एका लहानशा मंडळीचा, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती उपासकांच्या गटाचा, मी नऊ वर्षं खजिनदार आहे, म्हणून पैशापासूनच सुरुवात करतो.

परदेशी पैसा गावच्या पास्टरच्या खिशात येऊन पडत नाही. २०१० चा परकीय योगदान नियमन कायदा आहे. त्याखाली नोंदणी मिळवायची तर संस्थेला तीन वर्षं झालेली असावी लागतात आणि मागच्या तीन वर्षांत तिने आपल्या कामावर किमान १५ लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच जमा होतो, आणि एका संस्थेने तो दुसरीला द्यायलाही बंदी आहे. आता सांगा, ज्या मंडळीला पावसात बसायला छप्पर नाही, ती १५ लाखांचा खर्च कुठून दाखवणार? मोठ्या नोंदणीकृत संस्थांकडे परदेशी मदत येते, दवाखाने-शाळांना येते, ते मी नाकारत नाही. त्याचा हिशोब त्या दरवर्षी सरकारला देतात. पण मेसेज नव्या, गावातल्या मंडळ्यांबद्दल बोलतो, आणि तिथे हे गणित बसतच नाही.

आमची वही लाल कापडी बांधणीची आहे. गेल्या पावसाळ्यातलं एक पान समोर ठेवून लिहितोय: 'दान रु. ४१०. तांदूळ ३ पायली. अंडी १२, लिलाव रु. ९५. सतरंजी धुण्याचा साबण रु. २०.' अशी पानामागून पानं. आमचं वर्षाचं मोठं उत्पन्न म्हणजे कापणीचा सण. पहिलं पीक लोक आणून टेबलावर ठेवतात: भात, तूर, दुधी, एखादा कोंबडा. उपासना झाली की लिलाव होतो. एका लाल भोपळ्यावर तीनशे रुपयांपर्यंत बोली गेलेली मी पाहिली आहे. घेणाऱ्याने पैसे मोजले आणि भोपळा परत टेबलावर ठेवला, तो पुन्हा विकला गेला. मजुरीवर जगणारी माणसं हे करतात. त्यांना कुणी 'डॉलरवाले' म्हटलं की मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

जमिनीचं म्हणाल तर मेसेज लिहिणाऱ्याला महसूल संहितेचं कलम ३६-अ माहीत नसावं. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परवानगीशिवाय घेता येत नाही, परदेशी माणसाचा तर प्रश्नच नाही. आम्ही पहिली तीन वर्षं एका घराच्या पडवीत बसलो. मग एका विधवा आजीने परसातला तुकडा वापरायला दिला. तो आजही तिच्या मुलाच्याच नावावर आहे. कुडाच्या भिंती आम्ही स्वतः लिंपल्या आणि चौदा पत्रे दोन वर्षांत मिळून घेतले. शेवटचे दोन पत्रे जुने आहेत, त्यांच्या भोकांतून जूनमध्ये पाणी नेमकं पुलपिटावर, म्हणजे उपदेशाच्या जागेवर, गळतं.

इथे थोडा इतिहासही सांगतो, कारण तो या आरोपाच्या बरोबर उलटा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आलं. जळगाव-भुसावळ बाजूला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स होतं. तेव्हा परदेशी पैसा उघड होता: बंगले, बोर्डिंग, दवाखाने. पैशानेच मंडळी वाढत असती तर मिशनरी परतले त्याच दिवशी सगळं बंद पडलं असतं. जिथे लोकांनी मंडळी आपली मानली होती तिथे ती टिकली, जिथे ती 'साहेबांची' राहिली तिथे नुसता बंगला उरला. ही जाण मिशनवाल्यांनाही होती. एकोणिसाव्या शतकातच अमेरिकन मिशनचे रूफस अँडरसन आणि इंग्लंडमधल्या मिशनचे हेन्री व्हेन हे दोघे पदाधिकारी मांडत होते की स्थानिक मंडळीने आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार स्वतःच करावा. अँडरसन १८५४-५५ च्या दौऱ्यात अहमदनगरला येऊन गेले होते. पुढे १९१७ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यामागेही परदेशी मिशनच्या छायेबाहेर, आपल्या मातीतली ख्रिस्तभक्ती उभी करायची तळमळ होती.

बाहेरच्या पैशाने काय होतं ते मी जवळून पाहिलंय. शेजारच्या एका गावात पास्टरला दुसऱ्या राज्यातल्या एका संस्थेकडून महिन्याला ठरावीक रक्कम यायची. लोक दान टाकेनात. का टाकतील? पास्टरचा पगार येतोच की! तीन वर्षांनी रक्कम थांबली आणि वर्षाच्या आत मंडळी मोडली. त्या पास्टरने मन लावून काम केलं होतं, म्हणून जास्त वाईट वाटलं.

आता तांदूळ आणि साड्या. वहीत तांदूळ आहे, फक्त तो लोकांकडून मंडळीकडे येतो. मग माणसं येतात कशाला? बहुतेक घरांत पहिली बाई येते, आणि तिच्यामागे एक तर आजारपण असतं, नाही तर नवऱ्याची दारू. आमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. पोर रात्रभर हातपाय धरून रडतं, आई भगताकडे जाते, कोंबडं देते, पुन्हा कोंबडं देते. मग शेजारीण म्हणते, आमच्याकडे प्रार्थना करतात, पैसे घेत नाहीत, ये. ती येते. आम्ही प्रार्थना करतो आणि सकाळी त्या पोराला मोटारसायकलवर बसवून चिंचपाड्याच्या ख्रिस्ती दवाखान्यात नाही तर सरकारी दवाखान्यात नेतो. 'गोळी सोड, विश्वास धर' असं सांगणारे प्रचारक आहेत. ते चुकतात, त्यांच्यापायी जीव जातात, आणि हे मी मंडळीत उभं राहून बोललो आहे. पोराला उतार पडला की काही घरं येणं थांबवतात. त्यांच्यामागे कुणी साडी परत मागायला जात नाही, कारण दिलेलीच नसते.

सहा महिन्यांत गाव? आम्ही २०११ मध्ये सुरू झालो. पहिली दोन वर्षं तीन घरं होती. पहिला बाप्तिस्मा रंगावली नदीच्या पात्रात झाला, तोही तिसऱ्या वर्षी, कित्येक महिने शिकवून झाल्यावर. मंडळीच्या वडीलधाऱ्या पुढाऱ्यांनी एकाला परत पाठवलं होतं, आधी घरच्यांशी बोलून ये म्हणून. आज चौदा घरं आहेत. राज्याचंही बघा: २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती १०,५८,३१३ होते, २०११ मध्ये १०,८०,०७३. टक्केवारी १.०९ वरून ०.९६ वर आली. यावर ठरलेलं उत्तर येतं की लोक जनगणनेत धर्म लपवतात. अनुसूचित जातीचा माणूस लपवेल असं म्हणता येतं, कारण ख्रिस्ती लिहिलं तर त्याच्या सवलती जातात. आदिवासीचं तसं नाही. अनुसूचित जमातींच्या १९५० च्या आदेशात धर्माची अटच नाही. आमच्या लोकांना लपवण्यासारखं कारण कायद्याने ठेवलेलं नाही.

तरी फुगवलेले आकडे मेसेजवाल्याने स्वप्नात पाहिले नाहीत, हेही कबूल करतो. आमच्यातलेच काही जण 'एका वर्षात इतकी गावं, इतके आत्मे' असे अहवाल छापतात, एकाच सभेचे फोटो तीन कोनांतून काढतात. तेच फोटो फिरत फिरत अशा मेसेजमध्ये जातात. यात दोष आपला आहे, पास्टर लोकांनी हे बंद करावं.

शेवटचा मुद्दा, आदिवासी राहत नाही हा. कायद्याचं वर सांगितलंच. घरातलं मात्र एवढं सोपं नाही. होळीच्या वेळी भाऊ-भाऊ अबोला धरतात, देवाच्या वर्गणीवरून भांडण होतं, आणि काही वेळा आमचीच माणसं उद्धटपणे बोलून ते वाढवतात. ढोल पापाचा, असं कुणी बाहेरचा प्रचारक शिकवून गेला तर ते निस्तरायला आम्हाला वर्ष लागतं. आमच्याकडे ढोल वाजतो. गाणी आमच्या मावची बोलीत आहेत, आणि ज्या आजीला मराठी उपदेश अर्धाच कळतो तिला ती तोंडपाठ आहेत. गोत्र तेच, सोयरीक त्याच घरांत, मयताला सगळं गाव येतं आणि आम्हीही जातो.

राहता राहिलं, मंडळी वाढते कशी. दिवाळी झाली की आमची निम्मी घरं कोयत्यावर जातात, गुजरातेत बारडोलीकडे ऊस तोडायला. जानेवारीत सतरंजीवर आठ-दहा म्हातारे आणि पोरं उरतात. तिकडे तोडकऱ्यांच्या पडावावर रविवारची सुट्टी नसते. रात्री ट्रॅक्टर भरून झाला की पालाबाहेर दोन-तीन जोडपी गाणी म्हणतात. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या पालातलं अक्कलकुवा तालुक्यातलं एक कुटुंब रोज रात्री येऊन बसायला लागलं. होळीला ते आपल्या गावी परतले आणि घरातच बसू लागले. आता पाच घरं जमतात. त्यांच्याकडे पास्टर नाही, पत्रेही नाहीत. मागच्या महिन्यात त्यांच्यातल्या एकाचा फोन आला, 'दादा, दान यायला लागलं, वही कशी आखायची?' मी आमच्या वहीच्या पहिल्या पानाचा फोटो पाठवला: तारीख, दान, धान्य, खर्च, दोघांच्या सह्या.