‘फुकटचे मजूर’ या शब्दाबद्दल

दादा, आमच्या रेशीम शेतीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया पुन्हा पुन्हा वाचली. ‘सासू-नवऱ्यासकट रेशीम शेतीत उतरलात याचं कौतुक आहे, पण शिकवण्याच्या नावाखाली गावातले फुकटचे मजूर मिळवलेत. त्यातले किती जण स्वतःच्या पायावर उभे राहिले? आणि खर्चाचा हिशेब कुठे आहे?’ असं तुम्ही लिहिलंत. प्रश्नाला माझी ना नाही, पण विचारायची ही रीत झाली का?

हिशेबाचं आधी. शेडचा आणि तुती लागवडीचा खर्च लेखात नव्हता, ही तक्रार रास्त आहे. पुढच्या लेखात देते.

आता मजुरांचं. मजुरी काय असते ते मला सांगू नका. शाळेत असताना दिवाळीच्या सुट्टीत मी आईबरोबर लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची. बोंडांच्या टोकांनी बोटं सोलून निघायची आणि संध्याकाळी काट्यावर मालक ओलाव्याच्या नावाखाली वजन कापायचा. पीक कसं घेतात, भाव कुठे मिळतो, हे त्याने आम्हाला कधी सांगितलं नाही. मजुराला कुणी सांगत नाही.

आमच्या शेडमध्ये कधी येऊन बघितलंय का तुम्ही? अळ्या कातेवर बसल्या, म्हणजे कात टाकायला खाणं थांबवून निश्चल झाल्या, की पाला बंद करायचा, चुना भुरभुरायचा आणि जवळजवळ सगळ्या उठेपर्यंत थांबायचं. ती वेळ शिकायला येणारी पोरं-पोरीच ठरवतात, मी नुसती मागे उभी असते. शेवटच्या अवस्थेत अळी एकूण पाल्याच्या 80 टक्क्यांहून जास्त पाला फस्त करते. तेव्हा फांद्या तोडायला माणसं लागतात आणि त्यासाठी आम्ही गावच्या दराने बाया लावतो. शेजारच्या पराटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारणी चालू होती, तेव्हा वारा बघून ‘काकू, आज धुऱ्याकडचा (बांधालगतचा) पाला नको’ असं सांगणारी बारावीतली पोरगी होती. अख्खी बॅच वाचली. तिला तुम्ही मजूर म्हणता?

फवारणीचं निघालंच आहे तर सांगते. 2017 साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-मजूर गेले. त्यानंतर घरात एकच विषय होता, पाठीवर पंप न घेता जगता येईल असं काय करायचं. सासूबाईंना सुरुवातीला अळीला हात लावायची किळस यायची. आज फुगून पिवळी पडलेली रोगट अळी कशी ओळखायची, ती फुटायच्या आत बाजूला कशी काढायची, हे नव्या पोरांना त्याच शिकवतात. साठी उलटलेल्या बाईने हे अंगावर घेतलंय, आणि तुम्हाला त्यात मजुरी दिसली.

‘किती जण उभे राहिले’ या प्रश्नावर फार लिहीत नाही. शंभर अंडीपुंजांमागे किती किलो कोष निघाले असं विचारावं, तसा पोरांचा हिशेब मी देणार नाही. तुम्ही पुण्याचे. आमच्याकडची कितीतरी पोरं तिथे खोल्या घेऊन वर्षानुवर्षं परीक्षा देतात. त्यांच्या क्लासवाल्यांना कधी विचारलात का हा प्रश्न?

बाकी तुम्ही हवं ते लिहा, मी कमेंट काढणार नाही. फक्त ‘फुकटचे मजूर’ हा शब्द इथे पुन्हा नको. ती पोरं हे सगळं मोबाईलवर वाचतात, आणि काल त्यातल्या एकाने मला विचारलं, ‘काकू, आपल्याबद्दलच लिहिलंय का हे?’