एमजीबी : आधी वायरिंग की आधी सस्पेन्शन?

रविवारी संध्याकाळी सोलापुरात सात रस्त्याजवळच्या आमच्या कट्ट्यावर वाद रंगला तो एका जुन्या मोटारीच्या खर्चावरून. आमच्यातल्या एकाने (त्याला सगळे शेठ म्हणतात, पैशापेक्षा हौसेमुळे) १९६६ सालची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स कार, घेतली आहे. इंग्लंडमधील ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात या मॉडेलच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या, त्यामुळे तिचे सुटे भाग आजही नवे मिळतात. प्रश्न कोणते भाग बदलायचे आणि आधी कोणते, एवढाच होता. शेठचे म्हणणे असे की पुढचे-मागचे जुने लिव्हर पद्धतीचे (हलणारा हात असलेले) शॉकॲब्सॉर्बर काढून टेलिस्कोपिक, म्हणजे नळीत नळी सरकणारे, बसवावेत, स्प्रिंगा कडक आणि थोड्या आखूड घ्याव्यात, आणि वायरिंगचे नंतर सवडीने पाहावे. "दिवे लागतात ना बे, मग घाई कसली?" हा त्याचा मुद्दा.

हे ऐकून अण्णा उठले. अक्कलकोट रोडवर ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून त्यांची हयात गेली आहे आणि खिशात मीटर घेतल्याशिवाय ते घराबाहेर पडत नाहीत. गाडी समोरच उभी होती. त्यांनी मीटरची लाल पिन बॉडीला आणि काळी पिन बॅटरीच्या वायरला लावली, तेव्हा चादरीच्या कारखान्यात मेंटेनन्स पाहणाऱ्या आमच्या इंजिनिअरने त्यांना टोकले की पिना उलट्या लागल्या आहेत. अण्णांनी वर न पाहताच उत्तर दिले की उलट्या नाहीत, या गाडीची बॉडी पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले आहे. ते खरे आहे. १९६७ च्या अखेरीस बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो जाऊन त्याच्या जागी अल्टरनेटर आला, तोपर्यंत एमजीबी पॉझिटिव्ह अर्थचीच होती. मग शेठला हेडलाइटचा अपर (लांबचा झोत) लावायला सांगितला. बॅटरीपाशी १२.२ व्होल्ट दाखवणारा मीटर बल्बच्या होल्डरपाशी १०.५ वर आला.

बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून कितीतरी वेगाने पडतो. त्यामुळे हे १.७ व्होल्ट वाटेत गळाले याचा अर्थ सुमारे ४० टक्के प्रकाश गेला, हा हिशेब इंजिनिअरनेच तिथल्या तिथे मांडला. ६० वॅटचे दोन बल्ब म्हणजे साधारण १० अँपिअर करंट, म्हणजे जवळपास १७ वॅट उष्णता स्विचमध्ये, अपर-डिपर बदलणाऱ्या स्विचमध्ये आणि जुन्या जोडांमध्ये मुरते आहे. डॅशबोर्डमागे एखादे लहान सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखेच ते झाले. या गाडीत हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधूनच जातो, मध्ये रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही. त्याहून वाईट म्हणजे संपूर्ण गाडीला दोनच फ्यूज आहेत आणि हेडलाइटची वायर त्यातल्या एकातूनही जात नाही. बॅटरीकडून येणाऱ्या तपकिरी वायरींना तर फ्यूज नाहीच. सोलापूरच्या मे महिन्यात बंद बॉनेटखाली साठ वर्षांच्या आवरणाचे काय होत असेल, हे सांगायला इंजिनिअरची गरज नाही. अण्णांनी हेडलाइटमागचा एक जोड नखाने दाबला, तेव्हा वायरीवरचे आवरण सुक्या पापडीसारखे सुटून हातात आले, आणि त्याखाली मागच्या कुणा मेस्त्रीने दोन तारा नुसत्या पिळून वर काळी टेप गुंडाळलेली दिसली.

इथपर्यंत शेठ नरमला होता. पण त्याने लगेच दुसरे टोक गाठले. सगळे वायरिंग उपटून आधुनिक गाडीचा फ्यूजबॉक्स, एलईडी दिवे आणि मोठा अल्टरनेटर बसवू, असे तो म्हणू लागला. अण्णांचा याला विरोध होता आणि मी त्यांच्या बाजूने आहे. मूळ वायरिंगची रंगांची पद्धत इतकी शिस्तीची आहे की ती मोडणे हा शुद्ध अविचार ठरेल : तपकिरी म्हणजे थेट बॅटरी, पांढरी म्हणजे इग्निशन, हिरवी म्हणजे इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली, काळी म्हणजे अर्थ. त्याच रंगांचा नवा हार्नेस (वायरींचा बांधलेला जुडगा) तयार मिळतो. तो टाकावा, त्यात अपर आणि डिपर (जवळचा झोत) यांसाठी दोन रिले व प्रत्येकी फ्यूज जोडावा, आणि जुना स्विच केवळ रिलेला इशारा देण्यापुरता ठेवावा. बाहेरून काहीही बदललेले दिसणार नाही.

अल्टरनेटरची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि तिथे शेठची बाजू बरोबर होती. मूळ डायनॅमो जास्तीत जास्त २२ अँपिअर देतो, तोही इंजिन पळत असताना. सिग्नलला उभे राहिल्यावर तो जवळजवळ काहीच देत नाही. गड्ड्याच्या (सिद्धेश्वरांच्या) यात्रेच्या दिवसांत संध्याकाळी गर्दीतून पार्क चौकाकडे गाडी काढली, तर दिवे आणि इग्निशन मिळून बॅटरी पिऊन टाकतील. अल्टरनेटर घ्यावा, पण त्याबरोबर दोन कामे टाळता येत नाहीत. पहिले, डायनॅमोच्या हिशेबाने टाकलेली तपकिरी वायर ४०-४५ अँपिअरला पुरणार नाही, ती जाड घ्यावी लागेल. दुसरे, गाडी निगेटिव्ह अर्थ करावी लागेल. त्यात बॅटरी उलटवणे आणि इग्निशन कॉइलच्या वायरी बदलणे सोपे आहे; खरी मेख टॅकोमीटरमध्ये (इंजिनचे फेरे दाखवणाऱ्या मीटरमध्ये) आहे, कारण तो इग्निशनच्या वायरीतून जाणारा करंट मोजतो आणि दिशा बदलली की आतून जोडण्या उलटवल्याशिवाय चालत नाही. सीटमागच्या ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आणि त्यांना जोडणारी केबल यांच्या जागी १२ व्होल्टची एकच बसवली, तर गंज चढणारे दोन जोड तेवढेच कमी होतात.

मग चर्चा सस्पेन्शनवर आली आणि आवाज चढले. टेलिस्कोपिक शॉकॲब्सॉर्बरमध्ये तेल जास्त असते, खराब रस्त्यावर तो लवकर तापून ढिला पडत नाही, हा इंजिनिअरचा युक्तिवाद तत्त्वतः खोडता येत नाही. परंतु एमजीबीच्या पुढच्या बाजूला लिव्हर शॉकॲब्सॉर्बर केवळ धक्के शोषत नाही. त्याचा हात हाच सस्पेन्शनचा वरचा विशबोन, म्हणजे चाक धरून ठेवणारा दांडा, आहे. म्हणून बाजारातल्या बहुतेक किटमध्ये जुना शॉकॲब्सॉर्बर जागेवरच राहतो आणि टेलिस्कोपिक त्याच्या जोडीला लागतो. जुन्याच्या शाफ्टचे बेअरिंग झिजले असेल, तर चाकाचा खेळ, स्टिअरिंगचा ढिलेपणा आणि टायरची एकाच बाजूने होणारी झीज तशीच राहते. पैसे नव्या वस्तूचे जातात आणि दोष जुन्याच वस्तूत बसून राहतो. त्यापेक्षा चारही लिव्हर शॉकॲब्सॉर्बर खोलून शाफ्ट, बेअरिंग आणि सील नवे करून घ्यावेत, किंगपिनला (ज्या खिळीवर पुढचे चाक वळते तिला) नियमित ग्रीस द्यावे, आणि विशबोनला एमजीबी जीटी व्ही-८ चे धातूच्या नळीचे रबरी बुश (सांध्यात बसणारी गादी) घालावेत. पॉलियुरेथेनचे बुश तेलाला आणि उन्हाला दाद देत नाहीत, हे मान्य. पण ते कडक असतात आणि कुरकुरतात, आणि उघड्या टपाच्या गाडीत ती कुरकुर चालवणाऱ्याच्या कानात थेट येते.

आखूड स्प्रिंगांबद्दल माझे मत आणखी स्पष्ट आहे. गाडी बुटकी आणि कडक करणे हा गुळगुळीत सर्किटवरचा उपाय आहे. होटगी रोडवरच्या गतिरोधकांवर आधीच सायलेन्सर घासणाऱ्या गाडीला आणखी खाली बसवले, तर चाकाला वर जायला जागाच उरत नाही, आणि प्रत्येक खड्ड्याचा मार बंपस्टॉपमधून (चाकाची हालचाल थांबवणाऱ्या रबरी ठोकळ्यातून) सरळ बॉडीला बसतो. एमजीबीला वेगळी चासी (भार घेणारा सांगाडा) नाही. बॉडी हीच चासी आहे. मागच्या स्प्रिंगांच्या पाट्यांना पुन्हा बाक द्यायला ट्रकच्या कमानी बांधणारे कारागीर सोलापुरात सहज मिळतात, मात्र "मजबुतीसाठी" एक जादा पाटा घालू नका, हे त्यांना बजावून सांगावे लागते.

शेवटी कायद्याचा मुद्दा निघाला. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतला क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार नको. अशी नोंदणी घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, आणि शेठला तर तिच्यातून दर गुरुवारी अक्कलकोटला जायचे आहे. तरीही पुढेमागे विचार बदलला तर वाट बंद होऊ नये, म्हणून बॉडीला वेल्डिंग करून कोणताही ब्रॅकेट लावू नये, यावर टेलिस्कोपिकचा कैवारी असलेल्या इंजिनिअरचेही एकमत झाले.

शेठने क्रम मान्य केला : आधी हार्नेस आणि रिले, मग अल्टरनेटर, त्यानंतर शॉकॲब्सॉर्बरची दुरुस्ती. स्प्रिंगांचा हट्ट त्याने सोडलेला नाही. अण्णांनी काम घेताना एकच अट घातली आहे : बॉडीवरचा प्रत्येक अर्थचा बोल्ट रंग खरवडून साफ होईपर्यंत नव्या हार्नेसला बॅटरी जोडायची नाही, आणि जोडल्यावर बल्बच्या होल्डरपाशी अर्ध्या व्होल्टहून जास्त तूट दिसली तर मजुरी घ्यायची नाही.