हेच आग्रहाचे निमंत्रण

पुण्यातली पुस्तक प्रकाशनं आहेराच्या हिशेबावर चालतात. तुम्ही माझ्या प्रकाशनाला आलात म्हणजे मी तुमच्या प्रकाशनाला यायचं, तुम्ही एक प्रत विकत घेतलीत तर मी पण एक घ्यायची, आणि दोघांनीही एकमेकांचं वाचायचं नाही, म्हणजे संबंध चांगले राहतात. आता माझी गोची अशी की मी पुस्तकच लिहिलेलं नाही, लिहायचा विचारही नाही, त्यामुळे गेली कित्येक वर्षं मी नुसती आहेर करत सुटलेय आणि परतफेडीचं नाव नाही. नवरा म्हणतो, "अगं एखादं पाककृतींचं तरी काढ, वसूल करू सगळ्यांकडून."

निमंत्रण हल्ली व्हॉट्सॲपवर येतं. लेखकाचा हनुवटीला हात लावलेला फोटो, मागे मोरपीस नाहीतर मावळता सूर्य, मग अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, भाष्यकार, सूत्रसंचालन, ज्याचा मान जेवढा तेवढा टाइप मोठा, आणि पुस्तकाचं नाव खाली कुठेतरी शोधून काढायचं. शेवटच्या दोन ओळी मात्र ठरलेल्या. "कार्यक्रम वेळेवर सुरू होईल" आणि "पहिल्या दोन रांगा निमंत्रितांसाठी राखीव". दोन्ही धादांत खोट्या. कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाही आणि त्या दोन रांगा भराव्यात म्हणून निवेदिका पंधरा मिनिटं माईकवरून विनवण्या करत असते, "मागे बसलेल्या रसिकांनी कृपया पुढे यावं", आणि मागचा एकही रसिक हलत नाही कारण दार मागच्या बाजूला आहे.

नाही कसं म्हणायचं हा खरा प्रश्न. 1885 साली न्यायमूर्ती रानड्यांनी जोतीराव फुल्यांना ग्रंथकार सभेचं आमंत्रण दिलं होतं आणि जोतीरावांनी पत्र लिहून सरळ नाकारलं, जी सभा सगळ्यांच्या माणूस म्हणून असलेल्या हक्कांचा विचार करत नाही तिच्यात आम्ही कशाला यायचं म्हणून. ते पत्र लोक अजून वाचतात. माझं "थोडी कणकण वाटतेय" कोण वाचणार? उलट त्यावर लगेच उत्तर येतं, "काळजी घ्या, कार्यक्रम शनिवारी आहे, तोवर बरं वाटेल."

शिवाय आता लेखक कमी होण्याचं काही कारणच उरलेलं नाही. पूर्वी हजार-अकराशे प्रती छापल्याशिवाय आवृत्ती परवडायची नाही, त्यामुळे प्रकाशक दहा वेळा विचार करायचा आणि नऊ वेळा नाही म्हणायचा. त्या नाही म्हणण्याने किती शनिवार वाचले असतील आपले! आता डिजिटल छपाईमुळे पन्नास प्रतीसुद्धा निघतात, पैसे लेखकानेच भरायचे, काही ठिकाणी तर हॉल, बॅनर, पाहुणे आणि चहा असं अख्खं पॅकेज मिळतं. नणंदेच्या विहीणबाईंचं प्रवासवर्णन आलं, सोसायटीच्या सेक्रेटरींचं आत्मचरित्र आलं (त्यातलं एक पूर्ण प्रकरण पाण्याच्या टाकीवर आहे आणि खरं सांगते, तेच चांगलं आहे), आणि मग माझ्या डेंटिस्टचा गझलसंग्रह आला.

डेंटिस्टला नाही म्हणता येत नाही. माझं रूट कॅनाल अर्ध्यावर होतं, तोंडात ती थुंकी ओढणारी नळी, जबडा वासलेला, आणि डॉक्टर ड्रिल हातात धरून विचारतात, "ताई, शनिवारी येताय ना?" मी म्हणाले "आँ". त्यांनी त्याचा जो घ्यायचा तो अर्थ घेतला.

हॉल नवी पेठेतला. नाव सांगत नाही, पण तुम्ही तिथे गेलेले असणारच. गाडी लावायला आज पी वन आहे की पी टू हे बघत तीन चकरा मारल्या, तरी मी सव्वासहाला पोचले आणि हॉलमध्ये बॅनर बांधणारा मुलगा, डॉक्टरांची रिसेप्शनिस्ट आणि आजोबा लोक. हे आजोबा लोक सगळ्या प्रकाशनांना असतात, लेखक कोण याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. रानड्यांनी 1875 मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून या गावाला ऐकायची सवय लागलीये ती काही सुटत नाही. मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, कारण आख्ख्या हॉलमध्ये स्वखुशीने आलेले तेवढेच. त्यांना कुठला पंखा चालतो, कुठल्या खुर्चीचा हात तुटलाय आणि चहा आधी आहे की नंतर, सगळं ठाऊक. बाकी आम्ही सगळे पेशंट. शेजारच्या बाईंशी ओळख झाली तर त्यांचं पहिलं वाक्य, "वरची की खालची?"

सुरू झालं पावणेसातला. समईच्या पाच वातींपैकी तीन लागल्या, चौथी लावेपर्यंत पहिली विझली, मग कोणीतरी पंखा बंद केला, मग आजोबांनी पंखा का बंद केला म्हणून विचारलं. मग सत्कार. हल्ली नारळाऐवजी रोप देतात, ते घेऊन प्रमुख पाहुणे फोटोत असे उभे होते की आता हे पीएमटीतून कसं न्यायचं हीच चिंता तोंडावर. मग पुस्तकं आली, चकचकीत कागदात गुंडाळून वर लाल रिबनच्या गाठी मारलेली, आणि कात्री नाही. पाच मान्यवर नखांनी गाठी सोडतायत, निवेदिका मधल्या वेळात चारोळ्या म्हणतेय, शेवटी डॉक्टरांनीच दाताने तोडली. पेशंट लोकांत एकदम खसखस पिकली कारण आम्हाला सुपारी फोडली तरी ओरडा बसतो. मग पुस्तक छातीशी धरून फोटो, "सर जरा वर", "मॅडम तुमचं उलटं आहे".

त्यानंतर अभिवाचन. दोन नाट्यकलाकार, एक बासरीवाला. सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून गझलेचं तंत्र सगळ्यांसाठी खुलं केलं, तेव्हा त्यांना काय कल्पना की पुढे डेंटिस्ट पण शिकतील. गझलेला एक बरं असतं, पहिली ओळ दोनदा म्हणतात त्यामुळे तेवढ्यात कोणाचा मेसेज आलाय ते बघून होतं. आणि मग एक शेर आला:

वेदनेचे मूळ माझ्या खोलवर गेले किती
हासण्याचे मी तरीही सोहळे केले किती

हॉलभर "वा वा, क्या बात है". प्रमुख पाहुण्यांनी, ज्यांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं की पुस्तक मला कालच मिळालं आणि जे दीपप्रज्वलनापासून मांडीवर धरून प्रस्तावना वाचत होते, या एका शेरावर पंधरा मिनिटं काढली. हे मूळ म्हणजे आधुनिक माणसाच्या तुटलेपणाचं मूळ आहे म्हणे, ते स्थलांतरापर्यंत गेले, तिथून ग्रामीण साहित्याकडे आणि तिथून स्वतःच्या आगामी कादंबरीकडे. मी गालाला हात लावून बसले होते. शेजारच्या बाईंनी पण लावलेला. आम्ही एकमेकींकडे बघितलं, ते मूळ कुठलं आहे हे त्या हॉलमध्ये आम्हालाच माहीत होतं, आणि खोटं कशाला बोलू, त्यामुळेच तो शेर मला खरंच आवडला. माणसाने बघितलेलं लिहिलं होतं. पण ते बोलायची सोय नव्हती, श्रोत्यांसाठी वेळ ठेवलेलाच नसतो.

तिन्ही भाषणांत सुरेश भट आले, डॉक्टर एकाच भाषणात आले, तेही आडनाव चुकून. अध्यक्ष "माझ्या आधीच्या वक्त्यांनी सगळंच सांगितल्यामुळे माझ्यासाठी काही शिल्लक नाही" असं म्हणाले आणि ते नसलेलं शिल्लक चाळीस मिनिटं बोलले. मग डॉक्टरांच्या मेहुण्यांनी आभार मानले. "आभार मानून मी तुम्हाला परकं करणार नाही" म्हणून सुरुवात केली आणि एकेकाला नावानिशी परकं करत गेले, बॅनरवाला, मंडपवाला, मुखपृष्ठवाली पुतणी, एक्सरेवाले. हॉल नऊपर्यंतच होता, वॉचमन नऊला पाच कमी असताना मागच्या ट्यूब बंद करायला लागला, त्यामुळे पसायदान आम्ही कधी नव्हे इतक्या जलद म्हटलं. 'जो जे वांछील' या ओळीला अर्धा हॉल चपला शोधत होता.

दरवर्षी डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव भरतो तेव्हा मला हा प्रकार फार जाणवतो. तिथे पोरंपोरी पिशव्या भरभरून पुस्तकं घेतात, मातीत बसून तिथल्या तिथे वाचायला पण लागतात, कोणी शाल देत नाही त्यांना. म्हणजे वाचणारे आहेत. फक्त ते शनिवारी संध्याकाळी नवी पेठेत नसतात, आणि तिथे असलेल्या आम्हाला घरी जाऊन वरणभाताचा कुकर लावायचा असतो.

बाहेर टेबल मांडलेलं. किंमत 300, आज सवलतीत 200, वर साबुदाणा वडा आणि चहा. वडा चांगला होता. गुपचूप निघावं असा विचार होता पण डॉक्टर टेबलाशीच उभे, अंगावर नवीन जॅकेट, घामाघूम आणि इतके खूश की मी न सांगता दोन नोटा काढल्या. त्यांनी पान उघडलं, पेन काढलं, बराच वेळ काहीतरी मन लावून लिहिलं, खाली सही केली आणि सवयीने विचारलं, "कुठल्या औषधाची ॲलर्जी नाही ना?"

घरी जाऊन बघितलं तर काय लिहिलंय ते वाचता येईना. नवऱ्याला दाखवलं, मुलीने फोनवर फोटो मोठा करून बघितला, कोणाला 'रसिक' वाटलं, कोणाला 'रोज एक'. दुसऱ्या दिवशी घराखालच्या केमिस्टकडे क्रोसिन आणायला गेले तेव्हा पुस्तक पिशवीतच होतं म्हणून त्याच्यापुढे धरलं. त्याने एका नजरेत वाचून दाखवलं, "'रसिकमनाच्या ताईंना, वेदनेसह सस्नेह.' सोपं आहे की." आणि पुस्तक परत न देता जरा चाळलं, कागद बोटांनी चाचपून बघितला, मुखपृष्ठ उलटंसुलटं केलं.

"छपाई चांगली आहे हो मॅडम. कोणाकडून केलीये? नाही म्हणजे, माझं पण मार्चमध्ये येतंय. चारोळ्या. नंबर आहे ना माझ्याकडे तुमचा, कार्ड टाकतो."