थर्मोस्टॅट काढून फेकायला सांगितलं कुणी?

व्हॅनचा हीटर चालेना म्हणून झाकण उघडून बघितलं आणि डोकंच फिरलं. हीटरकडे जाणारे दोन्ही होजपाइप कापलेले, मध्ये लोखंडी नळीचा तुकडा कोंबून तारेने आवळलेले. थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिनाच्या पाण्याची वाट उघडबंद करणाऱ्या झडपेच्या जागी नुसती पोकळी, वरून लाल सीलंट थापलेलं. मिस्तरीला विचारलं, तर म्हणे, "आपलाकडे हीटर काय कामना, भाऊ?"

काय कामाचा? जानेवारीत धुळ्यात पारा ६-७ अंशांवर येतो. पहाटे साक्रीहून आईला दवाखान्यात नेतो तेव्हा ती मागच्या सीटवर गोधडीतही कुडकुडते, आणि मी एका हाताने स्टेअरिंग धरून दुसऱ्याने काचेवरची वाफ पुसतो. समोरून उसाचा ट्रॅक्टर येतोय की मोटारसायकल, कळत नाही!

अरे, हीटर म्हणजे काय मोठं यंत्र आहे का? इंजिनाने तापवलेलं पाणी डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमधून फिरतं, ब्लोअर त्यातून हवा ढकलतो, झालं. थर्मोस्टॅट साधारण ८२ अंशांना उघडायला लागतो, तोवर पाणी मोठ्या रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो काढला की थंडीत इंजिन धड तापतच नाही, डिझेल जास्त खातं. मग हेच लोक सांगणार, गाडी जुनी झाली, ॲव्हरेज पडणारच!

मुळात बिघडवलं कुणी? कूलंटऐवजी वर्षानुवर्षं बोअरचं खारं पाणी ओतायचं. आत गंज, क्षारांचे थर. मे महिन्यात ४५ अंशांत गाडी गरम झाली की रेडिएटर कुणी साफ करत नाही, पंखा बघत नाही, पहिला बळी थर्मोस्टॅटचा. मालकाला विचारायचंसुद्धा नाही.

इंजिन तापल्यावर दोन्ही होजपाइपांना नुसता हात लावला तरी निम्मं निदान होतं. दोन्ही गरम आणि हवा थंड, तर डॅशबोर्डमागची हवेची झडप किंवा तिची केबल अडकलीय. एक गरम, एक गार, तर हीटरच्या पाण्याचा कॉक बंद किंवा कोअर, म्हणजे डॅशबोर्डमागचा तो छोटा रेडिएटर, चोंदलाय. दोन्ही कोमट, तर थर्मोस्टॅट, कमी पाणी किंवा एअर लॉक, म्हणजे पाइपात अडकलेली हवा, बघा. एवढंही न बघता सरळ पाइप कापायचे?

आता नवा थर्मोस्टॅट आणलाय, कोअरही उलट्या पाण्याने धुऊन घेतोय, नुसती लाल माती निघतेय. आणि मिस्तरी वर म्हणतो, "उन्हाळ्यात परत काढावाच लागेल." नाही काढायचा! रेडिएटर साफ कर, पंखा बदल, कूलंट भर. थर्मोस्टॅटला पुन्हा हात लावायचा नाही.