मुलाच्या हिरड्या सुजल्या की दोष आईच्या माथी का?

पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरत असतो. आशय असा: लहान मुलाच्या हिरड्या सुजतात, दात हलतात, त्याला एकच कारण, आईने दात नीट घासून घेतले नाहीत. तोंडातले जंतू मारा, काढे देऊन प्रतिकारशक्ती वाढवा, हिरड्या बऱ्या होतील. नाहीच झाल्या तरी दुधाचे दात, पडणारच. काही मोजक्या मुलांच्या बाबतीत यातली प्रत्येक गोष्ट चूक आहे आणि त्यांना ती फार महागात पडते. म्हणून एकेक मुद्दा घेते.

"एकच कारण, अस्वच्छता." मोठ्यांच्या नेहमीच्या पायोरियात कीटण, तंबाखू, मधुमेह यांचा हात असतो, हे मान्यच. पण ब्रश टाळणाऱ्या लहान मुलाचे दात किडतात, हिरड्या लाल होतात, रक्त येतं. दातांखालचं हाड सहसा शाबूत राहतं. चौथ्या वर्षी ते हाडच झिजलेलं दिसलं, तर शोध रक्तात घ्यायला हवा.

पापियाँ आणि लफेव्र या फ्रेंच डॉक्टरांनी 1924 साली नोंदवलेला आजार बघा. या मुलांचे तळहात-तळपाय जाड, खरखरीत, भेगाळलेले असतात. दात वेळेवर येतात, दिसायलाही चांगले असतात. ते आले की हिरड्या सुजतात आणि चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत बहुतेक दुधाचे दात गळतात. दात गेले की हिरड्या शांत होतात. कायमचे दात आले की पुन्हा तेच, आणि पंधरा-सोळाव्या वर्षी तोंड जवळपास बोळकं होतं. 1999 साली यामागचं जनुक सापडलं: कॅथेप्सिन सी. न्यूट्रोफिल या रक्तातल्या पांढऱ्या पेशींकडची जंतुनाशक विकरं (एन्झाइम) ज्याच्यामुळे कामाला लागतात, ते हे विकर. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच आजार होतो. त्यांच्या स्वतःच्या हिरड्या ठणठणीत असतात. मामाच्या मुलीशी लग्न करायची रीत आपल्याकडे काही समाजांत आहे, आणि नात्यातल्या लग्नांत अशी शक्यता वाढते. यात ब्रशचा संबंध कुठे आला?

"जंतू मारा." सर्वात जास्त दिशाभूल इथे होते. सीडी18 हे प्रथिन जन्मतः सदोष असलेल्या मुलांच्या न्यूट्रोफिल पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला घट्ट धरून बाहेर पडता येत नाही. रक्तात त्या भरमसाट, हिरडीत मात्र जवळजवळ नाहीत. साहजिकच वाटायचं की पहारा नाही म्हणून जंतू आत घुसून हाड खातात. अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या हिरड्या तपासून 2014 साली वेगळंच चित्र मांडलं. जंतू दाताच्या पृष्ठभागावरच थर करून होते, हिरडीच्या आत शिरलेले नव्हते. आत खच्चून भरलेला होता तो दाह.

त्याचं कारण असं: ऊतींत पोचलेले न्यूट्रोफिल काम संपवून मरतात, त्यांना दुसऱ्या पेशी गिळतात, आणि त्यातून 'आता पुरे' हा निरोप जातो. न्यूट्रोफिल पोचलेच नाहीत तर तो निरोपही जात नाही. दाह वाढवायला सांगणारी निरोप्या प्रथिनं, इंटरल्युकिन-23 आणि त्यामागून इंटरल्युकिन-17, वाढत राहतात, आणि हाड झिजतं. जंतू निर्दोष नाहीत. त्यांच्यातून झिरपणारे घटक दाह पेटवतात. म्हणून दातांची सफाई या मुलांनाही हवीच. पण नुसत्या प्रतिजैविकांनी आणि माउथवॉशने हा आजार आटोक्यात येत नाही. 2017 साली अशा एका तरुण रुग्णाला सोरायसिसवरचं उस्टेकिनुमॅब दिलं गेलं. हे औषध जंतू मारत नाही, इंटरल्युकिन-12 आणि 23 अडवतं. त्याच्या हिरड्यांचा दाह ओसरला आणि कमरेखालची न भरणारी जखमही भरून आली.

"प्रतिकारशक्ती वाढवा." कोणती? कोस्टमन आजारात जन्मतःच न्यूट्रोफिल नगण्य असतात. इंजेक्शनांनी त्यांची संख्या वाढवता येते आणि त्यामुळे जीव वाचतो, तरी अनेकांच्या हिरड्यांचा आजार राहतोच, कारण त्या पेशींत एलएल-37 हे जंतुनाशक प्रथिन कमीच असतं. उलट, स्टॅट3 जनुकात दोष असलेल्यांत इंटरल्युकिन-17 तयार करणाऱ्या पेशी फार कमी असतात. त्यांच्या तोंडात बुरशी होते, पण हिरड्यांचा दाह आणि हाडाची झीज इतरांपेक्षा कमी आढळली आहे. प्रतिकारशक्तीचा एक भाग दुबळा असून हिरड्या सुरक्षित! गुळवेलीचा काढा यातलं एकही जनुक दुरुस्त करत नाही.

"दुधाचेच दात, पडणारच." पडतात, पण साधारण सहाव्या वर्षापासून, आणि मुळं विरघळून. लांब मूळ शाबूत असलेला दात तिसऱ्या-चौथ्या वर्षी हातात आला तर तो जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. नाळ पडायला तीन आठवड्यांहून जास्त लागले होते का, जखमांत पू होत नाही का, न्यूमोनिया किंवा गळवं वारंवार होतात का, तळपाय जाड आहेत का, हे न विचारता सांगा. सीबीसी ही साधी रक्तचाचणी करून पांढऱ्या पेशींची प्रकारवार मोजणी बघा. न्यूट्रोफिल फार कमी किंवा संसर्ग नसतानाही फार जास्त, दोन्ही संशयास्पद. सीडी18 ची तपासणी फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे पेशींवरची प्रथिनं मोजणाऱ्या चाचणीने होते. मुंबईत परळला केईएमच्या आवारातल्या आयसीएमआरच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत जन्मजात प्रतिकारदोषांचं निदान होतं. सीडी18 चा दोष तीव्र असेल तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणाशिवाय मूल पहिल्या काही वर्षांतच दगावू शकतं, आणि तोवर घरात ब्रश कोणी करून घेतला नाही यावर भांडणं चालू असतात.