रिपोर्ट नॉर्मल आहे

हे वाक्य मी किती डॉक्टरांकडून ऐकलं, मोजणं सोडून दिलंय. पाळीच्या आधीचे सात-आठ दिवस मी माझी राहायची नाही. कारण नसताना रडू, जवळच्या माणसांवर खेकसणं, आणि काही रात्री तर इथे लिहू नये असे विचार. पाळी सुरू झाली की दोन दिवसांत आभाळ स्वच्छ. रक्त तपासलं तर इस्ट्रोजेन ठीक, प्रोजेस्टेरॉन ठीक, थायरॉइड ठीक. सगळंच ठीक असेल तर मग उरतो तो स्वभाव! आणि गंमत अशी, की रिपोर्टमध्ये काहीच नाही म्हणणारी माणसंच पाठ वळली की म्हणायची, "हार्मोनल आहे गं ती."

ही पोस्ट माझ्याबद्दल नाही, पीटर श्मिट या मानसोपचारतज्ज्ञाबद्दल आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत या माणसाने कित्येक दशकं जवळजवळ एकच प्रश्न धरून ठेवला: अंडाशयातल्या हार्मोन्सचा आणि मनःस्थितीचा नेमका संबंध काय? सुरुवातीची बरीच वर्षं डेव्हिड रुबिनो हे त्यांचे सहकारी होते.

हा विषय घेऊन करिअर करणं म्हणजे दोन घरचा पाहुणा उपाशी. हार्मोनवाले म्हणणार हे मनाचं, मनवाले म्हणणार हे हार्मोनचं. त्यात या वाटेवर आधी एक मोठा अपेक्षाभंग होऊन गेलेला. 1981 मध्ये बर्नार्ड कॅरल या मानसोपचारतज्ज्ञांनी तीव्र नैराश्यासाठी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची चाचणी मांडली. रात्री एक गोळी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, दबतंय का ते बघायचं; नाही दबलं तर चाचणी पॉझिटिव्ह. मानसोपचाराला अखेर स्वतःची रक्ततपासणी मिळाली म्हणून सगळे हरखले. मग कळलं की स्मृतिभ्रंशात, नुसतं वजन घटल्यावर, दारू सोडतानाही ती पॉझिटिव्ह येते. चाचणी बघता बघता अडगळीत गेली. कॅरल यांनी ती नैराश्याच्या एका विशिष्ट प्रकारासाठी सांगितली होती, लोकांनी ती सरसकट सगळ्यांना लावली. मला तरी यात त्यांच्यापेक्षा इतरांच्या घाईचा दोष जास्त वाटतो.

श्मिट यांनी वेगळा रस्ता धरला. पातळी मोजून काही हाती लागत नाही ना, मग हार्मोन्स बंदच करून बघू. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात पाळीआधी खरोखर त्रास होणाऱ्या बायकांना ल्युप्रोलाइड हे औषध दिलं. त्याने अंडाशयाचं काम तात्पुरतं थांबतं. बऱ्याच जणींचा त्रास गेला. मग त्यांनाच इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन परत दिलं, तर त्रासही परत आला. पण मला खुर्चीत सरळ बसवलं ते पुढच्या निकालाने. ज्यांना असा त्रास कधीच नव्हता, त्यांनाही तेच औषध आणि तेच हार्मोन्स दिले होते. त्यांच्या मनःस्थितीला काही झालं नाही.

म्हणजे हार्मोन्स सगळ्यांचे सारखेच, ते ऐकणारा मेंदू निराळा. माझे रिपोर्ट खोटे नव्हते, प्रश्न चुकीच्या जागी विचारला जात होता.

2017 मध्ये त्यांच्या गटाने आणखी एक गाठ सोडवली. हार्मोन्सची पातळी वाढली की त्रास सुरू होतो, पण तीच पातळी स्थिर ठेवली तर पुढच्या महिन्यात तो ओसरतो. खुपतो तो बदल. त्याच वर्षी अशा बायकांच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनला प्रतिसाद देणारा एक जनुकसमूह वेगळा वागतो, हेही समोर आलं. 1998 ते 2017, मोजा वर्षं! आजच्या 'सात दिवसांत हार्मोन बॅलन्स करा' छापाच्या रील्स पाहताना मला हा आकडा आठवतो आणि हसू येतं. चांगल्या हसण्यातलं नव्हे.

एका गोष्टीवर मैत्रिणींशी माझं भांडण होतं. 2013 मध्ये या त्रासाच्या तीव्र रूपाला अमेरिकेच्या मानसविकारांच्या अधिकृत यादीत स्वतंत्र आजाराची जागा मिळाली. त्या म्हणतात, आता पाळी हाच आजार ठरवतील. भीती खोटी नाही. पण निदानाची अट बघा: किमान दोन चक्रं रोजच्या रोज नोंदी ठेवायच्या, आठवणीवर विसंबायचं नाही. ज्यांना तो आजार नाही त्या बऱ्याच जणी या वहीतच बाहेर पडतात. माझ्या वहीत मात्र दोन्ही महिने डोंगर आणि दरी अगदी त्याच जागी होती. ती वही दाखवल्यावर पहिल्यांदाच कुणी "रिपोर्ट आणा" म्हणालं नाही.

या सगळ्यातला 2000 सालचा एक प्रयोग मनातून जात नाही. आठ बायका बाळंतपणानंतरच्या नैराश्यातून गेलेल्या, आठ न गेलेल्या. सगळ्यांना आठ आठवडे गरोदरपणासारखे हार्मोन्स वाढवून दिले आणि मग एकदम काढून घेतले. न गेलेल्यांपैकी एकीलाही काही झालं नाही. पहिल्या आठांपैकी पाच जणींचं मन पुन्हा ढासळलं. 2019 मध्ये बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी म्हणून खास पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं. प्रोजेस्टेरॉनपासूनच मेंदूत तयार होणारं द्रव्य, 60 तास सलाइनमधून दिलं जायचं. 2023 मध्ये त्याच जातकुळीची गोळी आली. हे शोध दुसऱ्या लोकांचे, श्रेय ज्याचं त्याला.

शोधनिबंधावर नावं असतात ती शास्त्रज्ञांची. त्या आठ जणींची नावं कुठेच नाहीत. ते दिवस पुन्हा येऊ शकतात हे ठाऊक असताना त्यांनी सही केली होती.