ब्लँकेट वाटून झाली असतील तर पुढचं बोलू

डिसेंबर लागला की माझ्या फेसबुकवर एकच फोटो वेगवेगळ्या मंडळ्यांचा, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या चर्चचा, येत राहतो. मागे बॅनर, बॅनरवर पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू), पुढे ओळीने उभ्या केलेल्या म्हाताऱ्या, आणि एकेक ब्लँकेट चार देणाऱ्यांनी मिळून धरलेलं. खाली लिहिलेलं असतं ‘सेवाकार्य’. मी लाईक करते, ओळखीचीच माणसं असतात. थंडी आमच्याकडे खरीच पडते, धडगाव-तोरणमाळकडे तर विचारू नका. ब्लँकेट देणं वाईट नाही. पण नंदुरबार जिल्ह्यात नर्स म्हणून आयुष्य काढल्यावर एक विचारावंसं वाटतं: त्या म्हातारीच्या घरात कोण आजारी आहे, हे त्या चौघांपैकी कोणाला माहीत आहे का?

कारण आमच्या भागात ब्लँकेट हे कधीकधी औषध असतं. सातपुड्याच्या पाड्यांवर सिकलसेल आहे. रक्तातली तांबडी पेशी गोल राहायची ती कोयत्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते, आणि पोरगं हातपाय धरून रात्रभर ओरडतं. हे दुखणं उसळतं कशाने? थंडीने, तापाने, पाणी कमी पडल्याने, अतिश्रमाने. आता दिवाळीनंतरचं आमचं जग बघा. पाडे रिकामे होतात, कुटुंबंच्या कुटुंबं सुरत-बारडोलीकडे ऊसतोडीला जातात. उघड्यावर झोप, पहाटेचा फड, दिवसभर वाकून काम, प्यायला मिळेल ते पाणी. सिकलसेलच्या पोराला त्रास व्हायला जे जे लागतं, ते सगळं एका जागी. आपण मात्र ब्लँकेट वाटतो नाताळच्या आठवड्यात, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की मंडळीने नवीन ‘प्रोजेक्ट’ शोधू नये. आपल्या हातात जे आधीपासून आहे ते वापरावं. सरकारने 2023 साली सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं, 2047 पर्यंतचं उद्दिष्ट ठेवलं. चाचणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. तरी आरोग्यसेविका पाड्यावर गेली की लोक शेतात असतात, नाहीतर सुईला घाबरून मागच्या दाराने जातात. आमच्याकडे दर रविवारी तीच माणसं, त्याच बाकांवर, आपणहून येऊन बसतात, आणि पाळकांनी सांगितलेलं ऐकतात. कुठल्याही अभियानाला याचा हेवा वाटावा.

त्यातही लग्नाची गोष्ट घ्या. आपल्याकडे लग्न ठरलं की मंडळीत तीन रविवार सूचना वाचली जाते. कोणाची हरकत असेल तर सांगा. पहिली सूचना वाचण्याआधी मुलगा-मुलगी दोघांची सिकलसेल चाचणी झालेली असावी, एवढं साधं मी सुचवते आहे. दोघंही वाहक, म्हणजे सिकलसेलचा एक जनुक अंगात असलेले, असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. वाहक स्वतः आजारी नसतो, शेतात राबतो, फुटबॉल खेळतो, त्यामुळे त्याला पत्ताच नसतो. पत्ता लागतो तो पहिलं लेकरू रडायला लागल्यावर, आणि तेव्हा दोष कोणाच्या माथी येतो हे मी सांगायला नको. सुनेच्या. जनुक दोघांकडून येतो हे सासूला समजावताना माझे केस पांढरे झाले.

काळजी एवढीच घ्यायची की रिपोर्ट फक्त त्या दोघांच्या हातात जावा. पाळकांच्या टेबलावर नाही, वडीलजनांच्या, म्हणजे मंडळीच्या कारभाऱ्यांच्या, सभेत तर मुळीच नाही. दोघं वाहक निघाले तरी लग्न करायचं की नाही, पुढे काय करायचं, हे त्यांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं. आपण दबाव आणायचा नाही. मुलीचं नाव खराब होईल असा एक शब्द जरी बाहेर पडला, तर पुढच्या वर्षी कोणी चाचणीला येणार नाही, आणि बरोबरच करतील.

हे मी आमच्या मंडळीत बोलले तेव्हा शिरपूरकडचे एक वडीलजन हसून अहिराणीत म्हणाले, “सिस्टर, हाई चर्च शे का दवाखाना?” माणूस चांगला आहे, मनात काही नव्हतं त्यांच्या. पण हा प्रश्न खानदेशात विचारायचा? नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल 1942 पासून उभं आहे. आमच्या कित्येक घरांत येशूचं नाव पोचायच्या आधी तिथली मलमपट्टी पोचली. आणि ज्यांना आपण प्रार्थनेच्या बाबतीत मानतो त्या पंडिता रमाबाई? 1905 साली केडगावला मुक्ती मिशनमध्ये मोठं आत्मिक जागरण झालं, ते आपण साक्षीत, म्हणजे विश्वासाचा अनुभव सांगताना, सांगतो. त्याच आवारात दुष्काळातून आणलेल्या मुली छपाई, विणकाम, शेती शिकत होत्या, ते सांगायला विसरतो. रमाबाईंना यातलं आत्मिक कोणतं आणि सामाजिक कोणतं असं कोणी विचारलं असतं, तर त्यांनी बहुतेक त्याला पाणी भरायला लावलं असतं.

आणि बायबलमधला चांगल्या शोमरोन्याचा दाखला, वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याचा. आपण तो जखमेवर तेल ओतण्यापर्यंत वाचतो. पुढे तो त्या माणसाला उतारशाळेत नेतो, दोन दिनार देतो आणि म्हणतो, जास्त खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन. मला आवडतं ते हे ‘परत येईन’. आपण सहसा परत जात नाही. बॅनर गुंडाळला की संपलं.

आता एक नाजूक गोष्ट बोलते, कोणाला लागली तर लागू दे. हल्ली गावोगावी आरोग्याच्या प्रार्थनासभा होतात. प्रार्थनेवर माझा विश्वास आहे. रात्रपाळीत मी स्वतः खाटेशी उभी राहून प्रार्थना केली आहे. पण सभेतून आलेला पेशंट “प्रभूने बरं केलं, गोळ्या बंद केल्या” म्हणतो आणि पुढच्या महिन्यात ॲडमिट होतो, हे मी पाहिलेलं आहे. हायड्रॉक्सियुरिया ही सिकलसेलची गोळी बंद केली की त्रास परत उसळतो, मग लेकराची आई समजते की आपला विश्वास कमी पडला. एवढं ओझं त्या बाईवर कोणी टाकलं? पाळकहो, हात ठेवून प्रार्थना करा, उपास करा, पण तोंडाने हेही सांगा: गोळी चुकवू नको, पाणी भरपूर पी, ताप आला तर माझ्याकडे नको, आधी दवाखान्यात जा.

रक्ताचंही तसंच. येशूच्या रक्ताची गाणी आपण टाळ्या वाजवून गातो. रक्तपेढीत मात्र नातेवाईक डोनर शोधत फिरतात, आणि आपला तरुण संघ कॅरलच्या टोप्या कोणत्या रंगाच्या घ्यायच्या यावर भांडत असतो. धडधाकट पुरुष तीन महिन्यांनी, बाई चार महिन्यांनी रक्त देऊ शकते. तरुण संघाने वाढदिवसांसारखी याचीही यादी ठेवावी. केक नको, नाश्ता रक्तपेढी देतेच.

एक अट मात्र मी सोडणार नाही. चाचणीच्या रांगेत धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटायच्या नाहीत, रक्ताच्या बाटलीमागे साक्ष जोडायची नाही. पाड्यावर ख्रिस्ती चार घरं असतील आणि इतर चाळीस, तर चव्वेचाळीस घरांसाठी जायचं. आपल्याकडे संशयाने बघणारे आहेत म्हणून मी हे म्हणत नाही, जरी ते आहेत. मदतीच्या बदल्यात काही मागितलं की ती मदत उरत नाही, म्हणून म्हणते. कोणी आपणहून विचारलं, “बाई, तुम्ही का करता हे?” तर मोकळेपणाने सांगावं. नाही विचारलं तर चहा पिऊन घरी यावं.

पैसा कुठून, हे विचारणारे येतीलच. हंगामाच्या सणाला मंडळीत होणारा अर्पणांचा लिलाव आठवा. मिरचीचं पोतं, शहाद्याची पपई, ज्वारी, आणि ती बिचारी गावरान कोंबडी, जिला घेणारा परत देवाला देतो आणि ती पुन्हा पुकारली जाते. त्या दिवशी आपली मंडळी गरीब वाटत नाही. ते पैसे बहुतेक वेळा साउंड सिस्टीमला जातात. आमच्या चर्चचा हॉल एवढासा आणि स्पीकर एखाद्या वरातीला पुरतील असे. यंदा त्यातला अर्धा वाटा पेशंटला दवाखान्यात नेण्या-आणण्याच्या गाडीभाड्याला ठेवावा, असं मी लेखी दिलं आहे. चाचणी फुकट असते, औषध फुकट असतं, माणूस अडतो तो जीपच्या भाड्यापाशी.

विषय वडीलजनांच्या पुढच्या सभेत आहे. त्या सभेत आमच्याकडे बायका बसत नाहीत, म्हणून इथे लिहिलं. जे बसतात त्यांतले बरेचजण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत.